जुने सिनेमे वाचवायला पुण्याकडेच का बघायचं?

माझे अब्बा मालेगावच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. आमच्या गावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. त्यामुळे सगळं गाव सुट्टीवर असायचं त्याच दिवशी अब्बांना सर्वात जास्त काम असायचं. जुमाची नमाज झाली की ते थेट प्रोजेक्टरच्या खोलीत जायचे. मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन लोखंडी जिना चढायचो आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघायचो. पडद्यावरच्या सिनेमापेक्षा मला अब्बांचे हात बघायला आवडायचं. रीळ तुटलं की खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या. अब्बा शांतपणे ब्लेडनं फिल्मच्या कडेचा थर खरवडायचे, त्यावर सिमेंट लावायचे, दोन टोकं एकमेकांवर दाबून धरायचे आणि मनात काहीतरी मोजायचे. मिनिट-दोन मिनिटांत सिनेमा पुन्हा सुरू व्हायचा. मशीनच्या आवाजात जरा फरक पडला की फिल्मचं एखादं भोक फाटलंय हे ते न बघता सांगायचे.

2009 साली अब्बांचा इंतकाल झाला. दोन वर्षांनी घरावर स्लॅब टाकायचं ठरलं, तेव्हा माळ्यावरची त्यांची ट्रंक खाली काढली. आत फिल्मचे तुकडे होते, टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी दाखवायच्या जाहिरातींच्या काचेच्या स्लाइडी होत्या. कापड दुकान, दवाखाना, विडी कारखाना अशा गावातल्याच जाहिराती, मराठी आणि उर्दूत हातानं रंगवलेल्या. आणि तीन लहान गोल डबे होते. त्यावर अब्बांच्या अक्षरात उर्दूत एकच शब्द लिहिलेला होता: मुशायरा.

डबा उघडला तर नाकात सिरक्याचा वास गेला. लोणचं नासल्यासारखा, पण त्याहून उग्र. फिल्म गोळा होऊन चिकटली होती. मला वाटलं, खराब झालंय सगळं. घरात धूळ, गवंडी, सिमेंटच्या गोण्या. मी भंगारवाल्याला हाक मारली. ट्रंकेसकट सगळं वजनावर गेलं. संध्याकाळी अम्मीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "रखे थे तो कुछ सोच के रखे होंगे."

तेव्हा मी बी.एड. होऊन शाळेत लागलो त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. परिसरातल्या साधनांतून मुलांना इतिहास शिकवा, हे बी.एड.ला पाठ करून मी मार्क मिळवले होते. म्हणजे माहीत नव्हतं ही सबब मला सांगता येत नाही. तो कुठला मुशायरा होता, कुणी चित्रित केला होता, कोण शायर त्यात वाचत होते, हे आता कुणालाच कळणार नाही. ती माझ्याकडे आलेली अमानत होती आणि मी ती किलोवर विकली.

हा लेख मी त्या ओझ्यातून लिहितोय. पण केवळ पश्चात्ताप सांगण्यासाठी नाही. माझ्यासारखी चूक घरोघर होते आहे, आणि ती थांबवण्याचा रस्ता आपण समजतो तितका महाग किंवा दूर नाही, असं मला वाटतं.

पुढे काही वर्षांनी मी पी. के. नायर यांच्याबद्दल वाचलं. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, ते खऱ्या अर्थानं उभं केलं नायर यांनी. गावोगाव फिरून, गोदामं धुंडाळून, निर्मात्यांच्या वारसांकडे बसून त्यांनी रिळं मिळवली. आपल्याच जिल्ह्यात, नाशिकला, फाळक्यांच्या घरच्यांकडे जाऊन त्यांनी दादासाहेबांच्या चित्रपटांची रिळं मिळवली. 1919 चा 'कालिया मर्दन' आज आपण बघू शकतो तो त्यांच्यामुळे. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'चा मात्र काही भागच उरला आहे.

नायर यांनी एक हकिकत सांगून ठेवली आहे. 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट. 14 मार्च 1931 रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात तो लागला. नायर त्याचे निर्माते-दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांना भेटायला गेले. इराणी म्हणाले, रिळं असतील इथंच कुठंतरी. पण निघताना त्यांच्या मुलानं नायर यांना बाजूला घेऊन सांगितलं की ती रिळं चांदी काढण्यासाठी त्यानं स्वतःच विकली होती. कृष्णधवल फिल्मवर चांदीचा अंश असतो. त्या काळी जुनी फिल्म धुऊन चांदी काढायचा धंदाच होता. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या सिनेमानं या देशाच्या पडद्याला जबान दिली, आणि ती जबान उर्दू-हिंदुस्तानी होती, त्याचा एक शब्दही आपल्याला ऐकू येत नाही.

ते वाचून मी पुस्तक मिटवून ठेवलं. इराणींचा मुलगा आणि मी, आमच्यात फरक फक्त सिनेमाच्या नावाचा होता.

आणखी एक नाव सांगतो, कारण आपल्या मुलींना ते माहीत असायला हवं. फातमा बेगम. उर्दू रंगभूमीवरून आलेली ही बाई भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शक. 1926 साली तिनं स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' केला. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा ही तिचीच मुलगी. 'बुलबुल-ए-परिस्तान'चीही आज एक फ्रेम सापडत नाही. मुसलमान बाईनं शंभर वर्षांपूर्वी काय केलं असं कुणी विचारलं, तर आपल्याकडे सांगायला नाव आहे, दाखवायला काही नाही. मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेच्या वर चित्रपट झाले असं अभ्यासक सांगतात. त्यातले तीसएक उरले, आणि त्यातलेही बरेचसे तुकड्यांत.

याउलट जे उरलं त्याचा उपयोग काय होतो, तेही सांगतो. प्रभात कंपनीचा 1941 चा 'शेजारी' आणि त्याचीच हिंदी आवृत्ती 'पडोसी'. व्ही. शांताराम यांनी हिंदू आणि मुसलमान अशा दोन जिवलग म्हाताऱ्या शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली. बुद्धिबळ खेळणारे हे दोस्त एका कारखानदाराच्या कारस्थानामुळे दुरावतात. 'पडोसी'त हिंदू म्हाताऱ्याचं काम मझहर खान यांनी केलं आणि मुसलमान मिर्झाचं काम गजानन जागीरदार यांनी. हे मी वर्गात आधी सांगत नाही. सिनेमा दाखवतो आणि मग विचारतो, यातला मुसलमान नट कोणता? मुलं ठामपणे चुकीचं बोट दाखवतात. खरं कळलं की वर्गात जी शांतता पसरते, ती माझ्या दहा भाषणांनी पसरली नसती. ही रिळं कुणीतरी जपली म्हणून हा तास मला घेता येतो. नसती जपली, तर 'असा एक सिनेमा होता म्हणे' एवढंच सांगून मला धडा पुढे न्यावा लागला असता.

आता फिल्म खराब का होते ते थोडक्यात बघू, कारण पैशाचा प्रश्न त्यातूनच निघतो.

साधारण 1950 पर्यंतची 35 मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असायची. ती बंदुकीच्या दारूच्या जातकुळीतली. एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघतो. त्यानंतर ॲसिटेटची फिल्म आली. ती पेटत नाही, पण उष्ण आणि दमट हवेत आतून सडते आणि त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. ॲसिटिक आम्ल म्हणजेच सिरक्यातलं आम्ल. माझ्या घरातला तो वास हाच होता. फिल्म आखडते, वेडीवाकडी होते, आणि एका डब्यातून बाहेर पडणारी वाफ शेजारच्या डब्यालाही लागते. रंगीत प्रिंटचं दुखणं वेगळं. तिचा निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळा सिनेमा लालसर दिसायला लागतो. "हिरॉइन को पीलिया नहीं, लालिया हुआ है," असं अब्बा गमतीनं म्हणायचे.

या सडण्यावर औषध नाही. ते फक्त लांबवता येतं. थंड आणि कोरडी जागा, स्वच्छ डबे, वेळोवेळी तपासणी. डब्यात ठेवायच्या छोट्या रसायन लावलेल्या पट्ट्या मिळतात. आम्ल वाढलं की निळी पट्टी हिरवी आणि मग पिवळी होते. कुठला डबा आधी वाचवायचा ते त्यावरून ठरतं. या कामाला शास्त्रज्ञ लागत नाही. महिन्यातून दोनदा न चुकता येणारा, हातात कापडी मोजे घालणारा आणि वहीत नोंद ठेवणारा माणूस लागतो.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. केंद्रानं राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी 597 कोटी रुपये मंजूर केले. 2022 मध्ये त्यातल्या 363 कोटींचं चित्रपट दुरुस्तीचं मोठं काम जाहीर झालं. पैसा चांगल्या कामाला लागतोय याचा आनंदच आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी मुंबईत सुरू केलेली फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही बिनसरकारी संस्था 2015 पासून वेगवेगळ्या शहरांत प्रशिक्षण शिबिरं घेते. मुंबई, पुणे, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद अशी ती फिरली आहेत. फिल्म कशी तपासायची, फाटलेली कशी जोडायची, डिजिटल कशी करायची हे तिथं जगभरातून आलेले जाणकार शिकवतात. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेशातलेही लोक शिकायला येतात. आधी आपल्याकडे हे शिकवणारी जागाच नव्हती. आता निदान काहीशे हात तयार झाले आहेत.

पण या सगळ्यात जिल्हा आणि तालुका कुठे आहे?

माझी तक्रार ही आहे की आपल्याकडे वारशाचा पैसा दोनच गोष्टींवर सहज खर्च होतो. एक, मोठ्या नावाच्या चित्रपटांवर. दोन, यंत्रांवर. यंत्र आलं की उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. त्यानंतर ते चालवणाऱ्या माणसाचा पगार आणि खोलीचं विजेचं बिल कुणाच्या खात्यातून भरायचं, हे ठरलेलं नसतं. फिल्मची गंमत अशी की पाच वर्षं एसी चालवून सहाव्या वर्षी बंद केला, तर आधीचा खर्चही पाण्यात जातो. मशिदीचा मिनार बांधायला वर्गणी लगेच जमते, पण रोज झाडू मारणाऱ्याच्या पगाराची आठवण कमिटीला करून द्यावी लागते. संग्रहालयांचं तसंच आहे.

सगळं पुण्याला पाठवा, असं काहीजण म्हणतील. नायट्रेटच्या बाबतीत मीही तेच म्हणेन. ती फिल्म घरात किंवा शाळेत ठेवणं म्हणजे स्फोटक जवळ बाळगणं आहे. ती तज्ज्ञांच्या ताब्यातच जायला हवी. पण सगळा वारसा एकाच शहरात ठेवण्याचा धोका आपण बघितला आहे. 2003 च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि जुनी रिळं जळून गेली. ती कधीच परत येणार नाहीत.

शिवाय पुण्याला पाठवायचं तरी काय, हे ठरवायला आधी गावात काय आहे ते माहीत हवं. पुस्तकांसाठी आपल्याकडे 1954 चा कायदा आहे, प्रकाशकानं ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यावीच लागते. सिनेमासाठी तसा कायदा नाही. त्यामुळे जे कुणी मागितलंच नाही, ते घराच्या माळ्यावर, बंद टॉकीजच्या अडगळीत, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या कपाटात पडून आहे. तिथवर पुण्याची किंवा दिल्लीची गाडी येणार नाही. तिथं आपल्यालाच जावं लागेल.

आमच्या गावाचंच उदाहरण घ्या. 2000 सालाच्या आसपास मालेगावच्या नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' केला. ते व्हिडिओ पार्लर चालवायचे. साधा व्हिडिओ कॅमेरा, यंत्रमागावर राबणारे, हॉटेलात काम करणारे नट, आणि बजेट म्हणाल तर मुंबईच्या सिनेमाच्या एका दिवसाच्या चहापाण्याइतकं. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख त्यात उडाला. त्या उडण्यावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि तो जगभर फिरला. 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत लागला. शफीक आज हयात नाही.

म्हणजे आमच्यावर केलेले सिनेमे उत्तम जपले जातील. त्यांच्यामागे कंपन्या आहेत. पण आम्ही केलेल्या सिनेमांचं काय? मालेगावात, आणि मालेगावच कशाला, कोल्हापूर, सोलापूर, औरंगाबाद, भिवंडीतसुद्धा व्हिडिओ टेपवर जे चित्रित झालं, नाटकं, मुशायरे, कव्वाल्या, सभा, मोर्चे, शाळांची स्नेहसंमेलनं, ते फिल्मपेक्षाही नाजूक आहे. टेपवरचा चुंबकीय थर सुटतो, बुरशी धरतो. टेप ठीक असली तरी ती वाजवायचं यंत्र मिळत नाही. जगातल्या शेवटच्या मोठ्या कंपनीनं 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. युनेस्कोनं 2019 मध्येच इशारा दिला होता की 2025 नंतर टेपवरचं साहित्य वाचवणं जवळपास अशक्य होईल. ती तारीखही आता आली. दंगल झाली की मालेगावचं नाव टीव्हीवर येतं, ते चित्रण जपून ठेवलं जातं. आम्ही हसत होतो, नटत होतो, एकमेकांची नक्कल करत होतो, त्याच्या टेपा मात्र बुरशी खाते आहे. उद्या कुणी या गावाचा इतिहास लिहायला बसला तर त्याच्यासमोर काय असेल, याचा विचार करा.

मग करायचं काय? माझ्या अनुभवाच्या तोकड्या बळावर चार गोष्टी सुचवतो.

पहिली, माणसं. 2010 नंतर चित्रपटगृहं डिजिटल झाली आणि हजारो ऑपरेटर घरी बसले. कुणी रिक्षा चालवतो, कुणी वॉचमन आहे. फिल्म हातात धरायची, तपासायची, जोडायची कशी हे त्यांच्याइतकं आज कुणाला येत नाही. ही कला शिकवायला परदेशातून माणूस आणावा लागतो आणि आपला ऑपरेटर सोसायटीच्या गेटवर बसून असतो. जिल्ह्याजिल्ह्यात अशा लोकांची यादी करा. त्यांना मानधन देऊन कॉलेजच्या मुलांना शिकवायला बोलवा. आणखी दहा वर्षांनी हे करायचं म्हटलं तरी ती माणसं नसतील.

दुसरी, जागा. प्रत्येक जिल्ह्यात एखाद्या जुन्या कॉलेजच्या किंवा वाचनालयाच्या इमारतीत एक खोली. तळमजल्यावर नको, पाणी शिरतं. छताखाली नको, पत्रा तापतो. एसी, हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र, लोखंडी कपाटं, आणि एक चालू व्हीसीआर. एवढ्यानं पुण्यासारखं संग्रहालय होणार नाही, व्हायची गरजही नाही. तिथं नोंद होईल, प्राथमिक सफाई होईल, टेप डिजिटल होतील आणि मोठ्या कामाचं साहित्य पुढे पाठवलं जाईल. आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय यांच्यात जे नातं असतं, तेच.

तिसरी, दरवर्षीचा पैसा. माझा सगळ्यात जास्त आग्रह यावर आहे. एकदाच मिळणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा दरवर्षी न चुकता येणारी छोटी रक्कम इथं जास्त कामाची. जिल्हा नियोजनातून वीज आणि एका माणसाचा पगार मागता येईल. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचा 2 टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, आणि त्या कामांच्या यादीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन स्पष्टपणे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे हे मागायला कुणी गेलंय का?

चौथी, आपली वर्गणी. 'मंथन' सगळ्यांना आठवत असेल. 1976 साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगल यांनी तो चित्रपट केला. आपला सिनेमा म्हणून शेतकरी ट्रक भरभरून बघायला गेले. 2024 मध्ये त्याची दुरुस्त प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. त्या दुरुस्तीतही शेतकऱ्यांचा दूध महासंघ सोबत होता. ज्यांनी आपला घाम घातला, त्यांनीच पन्नास वर्षांनी तो जपला. आमच्या गावात लाखो माग आहेत. वर्षाला एका मागामागे एक रुपया, एवढंच मागून बघू या.

या सूचना मी मित्रांसमोर मांडल्या तेव्हा तीन आक्षेप आले. एकजण म्हणाला, "सर, इथं दवाखान्यात डॉक्टर नाही, गटारी उघड्या आहेत, आणि तुम्ही फिल्म वाचवायला निघालात." हा आक्षेप मी हसून टाळत नाही. डॉक्टर आधी हवाच. पण गरीब वस्तीला फक्त दवाखाना हवा असतो आणि आठवणी फक्त श्रीमंतांना परवडतात, हे मला मान्य नाही. ज्यांच्याकडे हवेल्या, तैलचित्रं आणि वंशावळी नसतात, त्यांच्याकडे एखादी टेप आणि दोन फोटोच असतात.

दुसरा म्हणाला, "यूट्यूबवर टाकून दे, झालं." यूट्यूबवर जरूर टाका, लोकांनी बघावं म्हणून. पण ती कंपनीची जागा आहे, आपली नाही. खातं बंद झालं की सगळं गेलं. हार्ड डिस्कही कधी ना कधी बंद पडते. किमान तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात, आणि मूळ रीळ किंवा टेप फेकायची नाही. उद्या अधिक चांगलं यंत्र आलं तर पुन्हा मूळ वस्तूकडेच जावं लागेल.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच. "सिनेमा ही काही दीनदारीची गोष्ट नाही, त्यावर कौमचा पैसा कशाला?" मी मौलाना नाही, फतवा देणं माझं काम नाही. मी एवढंच म्हणालो की सिनेमा बघायचा की नाही हे प्रत्येकानं ठरवावं. पण त्या फिल्मवर आपल्या आजोबांच्या बाजारपेठा आहेत, आपली बोली आहे, मुशायऱ्यात दाद देणारे आपले बुजुर्ग आहेत. आपल्याच लोकांनी एकेकाळी कुतुबखान्यांसाठी जमिनी वक्फ केल्या. त्या पुस्तकांत नुसत्या दीनी किताबा नव्हत्या, वैद्यक होतं, गणित होतं, किस्से होते. जपणाऱ्यानं जपलं म्हणून पुढच्यांना वाचून ठरवता आलं.

इथं काबूलची गोष्ट आठवते. 1990 च्या दशकात तालिबानची सत्ता आली तेव्हा अफगाण फिल्म या सरकारी संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी हजारो रिळं एका खोट्या भिंतीमागे दडवली. सापडली ती रिळं जाळली गेली, भिंतीमागची वाचली. त्या माणसांकडे ना कोटींचा निधी होता ना वातानुकूलित गोदाम. कोणतं रीळ मोलाचं आहे हे त्यांना ठाऊक होतं, कारण आयुष्यभर ते त्यांच्याच हाताखालून गेलं होतं. जाणकार माणूस जागेवर असणं म्हणजे काय, ते यावरून कळतं.

मागच्या वर्षी 27 ऑक्टोबरच्या सुमारास, हा दृकश्राव्य वारशाचा जागतिक दिवस असतो, मी अब्बांच्या एका जुन्या सहकाऱ्याला शाळेत बोलावलं. चाचा आता सत्तरीचे आहेत. हात थरथरतात. मी कुठूनतरी मिळवलेला फिल्मचा एक तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "अभी ठीक है, सिरका नहीं पकड़ा." मग ब्लेड घेतलं. मुलं टेबलाभोवती गोळा झाली. ब्लेड फिल्मला टेकलं तसे त्यांचे हात थरथरायचे थांबले.

नववीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन व्हिडिओ टेपा घेऊन आली. तिच्या दादाजानच्या कपाटातल्या. एकीवर काहीच लिहिलेलं नाही, दुसरीवर फक्त एक साल आहे, 1993. "सर, अम्मी फेंक रही थी," ती म्हणाली.

त्या टेपा सध्या माझ्या कपाटात, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवल्या आहेत. त्या वाजवायला चालू व्हीसीआर मी शोधतो आहे. कुणाकडे असेल तर कृपया कळवा. आणि या रविवारी तुमच्या माळ्यावरची ट्रंक खाली काढा. आत सिरक्याचा वास आला तर घाबरू नका, डबा सावलीत, थंड जागी ठेवा, सोबतच्या डब्यांपासून वेगळा करा आणि त्यावर जे लिहिलं असेल ते आधी वाचा. भंगारवाल्याला हाक मात्र मारू नका.